गोपिकाआत्याची वाघूर

गोपिकाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, राहणार मंठ्याजवळ. अर्धं आयुष्य मेंढरांमागं चालली. आता तिचा मुलगा करण शेती करतो, पण दारातल्या चार शेळ्या आत्याच्याच. त्यांची धार ती दुसऱ्या कुणाला काढू देत नाही. दिवाळीनंतर ती ओट्यावरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं लाकडासारखी ताठ झालेली. डॉक्टर म्हणाले, रोज हलवा, नाहीतर मूठ कायमची जाईल. म्हणून ती जुन्या जालन्यात माझ्याकडं राहिली. करण फोनवर सांगून मोकळा झाला, की हात सुधारला नाही तर शेळ्या विकून टाकू. आत्यानं ते ऐकलं.

व्यायामाचा रबरी चेंडू तिनं खिडकीत ठेवून दिला. "लेकराचं खेळणं हाये ते." मी तशी तापट. शिलाई मशीनवरून चारदा ओरडले, उपयोग शून्य. शेवटी माझा फोनच तिच्या हातात दिला. त्यात एक खेळ आहे. हिरवं रान, आपलं एक छोटंसं माणूस आणि भित्री, केसाळ जनावरं. त्यांच्याशी दोस्ती करायची, घर बांधायचं, बस्स. मारामारी नाही. "हा उजव्या हातानंच चालतो," मी बिनधास्त थाप मारली.

पहिल्याच दिवशी तिनं माझी जिरवली. एका निळ्या लांबकान्या जनावरामागं मी महिनाभर बोरं घेऊन पळत होते, ते काही जवळ येत नव्हतं. "समोरून कशाला पळून राह्यली? बुजंल न्हाई तर काय करंल?" तिनं आपलं माणूस त्याच्याकडं पाठ करून झाडाखाली बसवलं. अंगठा दाबून धरला तरच ते बसतं. ताठलेला अंगठा तिनं उचललाच नाही. थोड्या वेळानं लांबकान्या मागून येऊन टेकला, त्याच्या डोक्यावर लाल बदाम उमटला. मला मनातून राग आला, खोटं कशाला बोलू.

मग लाकडं मिळाली. खेळ सांगतो, आधी घर बांधा. आत्यानं सगळी लाकडं कुंपणात घातली. आमच्या मेंढपाळांची हीच रीत. मुक्कामाला पोचलं की आधी वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण, उभी करायची, मेंढरं आत घ्यायची, मग माणसांची चूल. या खेळात लांडगा नाही की चोर नाही, हे मी दहा वेळा सांगितलं.

"जित्राब उघड्यावर अन् आपण छपराखाली? न्हाई बाई, जमायचं न्हाई."

तिचं माणूस पावसात भिजायचं, शिंकायचं, घर बांधा म्हणून खेळ बजावत राहायचा. ती मात्र खुंटामागून खुंट रोवत होती. प्रत्येक खुंटाला अंगठा दाबून धरावा लागे. कळ आली की दात आवळायची, तेल चोळायची, पुन्हा सुरू. लाकडं संपली की जनावरांना पाणी दाखवायचं, तेही त्याच अंगठ्यानं. पंधरा दिवसांनी खिडकीतला चेंडू तिनं स्वतःहून उचलला. अशी जिद्द मी आमच्या घरात दुसऱ्या कुणाची पाहिली नाही.

शिवरात्रीच्या सुमाराला मूठ वळली. करण न्यायला आला, तेव्हा मला राहवेना. "आत्या, मी खोटं बोलले. तो खेळ डाव्या हातानंही चालतो."

"ठाव हाये. दुसऱ्याच दिशी करून पाह्यल्तं. बराबर चाललं."

"मग एवढा हात कशाला दुखवून घेतलास?"

"डाव्यानं खेळले असते तर शेळ्या ऱ्हायल्या असत्या का?" तिनं पिशवी उचलली, उजव्या हातात. "मंग, फोनातल्या माझ्या जित्राबांना पाणी दाखवत जा. इसरू नको."

रोज सकाळी मशीनवर बसण्याआधी दाखवते. लाकडं भरपूर साठलीत, पण छपराला मी हात लावलेला नाही. वाघुरीची एक बाजू अजून उघडी आहे, ती आत्या आली की तिच्याच अंगठ्यानं बंद होईल.