लॉरेटाला दाखवायचं मत

आमच्या मधुमतीवन्सं, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, भलत्या भोचक. इथे लंडनमध्ये हॅरोच्या बसस्टॉपवर उभ्या राहिल्या तरी शेजारणीच्या सुनेचं माहेर काढतील.

अठ्ठ्याऐंशी साली त्यांना लॉरेटा सापडली. हॉस्पिटलच्या लाँड्रीत दोघी मिळून चादरींच्या घड्या घालायच्या. लॉरेटा काळी अमेरिकन, अलाबामाची. इंग्रज नवऱ्याबरोबर जवळच पिनरला राहायची. तिला तिकडच्या निवडणुकीचं मत पोस्टाने पाठवायचं होतं. पाकिटावर साक्षीदाराची सही हवी, म्हणून तिने वन्संना घरी बोलावलं. सोबत म्हणून मी गेले.

सही राहिली बाजूला, वन्संचे प्रश्न सुरू! "एका मतासाठी एवढा आटापिटा कशाला गं?"

लॉरेटाने आईची गोष्ट सांगितली. मतदार म्हणून नाव नोंदवायला गेलं की क्लार्क म्हणायचा, ओळख द्यायला एक मतदार घेऊन ये. गोरं कुणी येईना, आणि गावात एकाही काळ्याचं नाव नोंदलेलं नव्हतं. आई चर्चचे कपडे घालून जायची आणि तशीच परत यायची.

"आणि तो मेला क्लार्क? त्याला लाज नाही वाटायची?"

"नियमाने वागतो म्हणायचा. रविवारी देवाचं नावही घ्यायचा." मग तिने विचारलं, "तुला इथे मत आहे?"

"आहे तर! कॉमनवेल्थवाल्यांना असतंच. आल्यापासून आहे."

"कितीदा दिलंस?"

वन्सं चाचरल्या. "एकदाही नाही. आमचे हे म्हणतात, आपण परके, यांच्या भानगडीत कशाला पडायचं?"

"अडवलं कुणी?"

"छे गं, कुणीच नाही."

लॉरेटाने पाकीट हळूच परत ओढलं. "राहू दे. मी शेजारणीची सही घेईन."

बाई घरी येऊन ढसाढसा रडल्या. त्यानंतर लाँड्रीत लॉरेटा कामापुरतंच बोलायची. वन्संना ते फार लागलं. जगाच्या चौकशा करणारी बाई, पण लॉरेटाला पुन्हा काही विचारायचा धीर होईना.

नव्वदच्या मे महिन्यात कौन्सिलची निवडणूक आली. त्यांचे यजमान नको नको म्हणत असताना वन्संनी ठेवणीतली साडी नेसली आणि मला घेऊन शाळेच्या हॉलमध्ये गेल्या. तिथल्या गोऱ्या बाईने नाव-पत्ता विचारून मतपत्रिका दिली. वन्सं हलेनात. डाव्या हाताचं बोट पुढे करून उभ्याच. मागे रांग खोळंबली.

मी कानात म्हटलं, "वन्सं, इथे शाई लावत नाहीत."

त्यांचा चेहरा एवढासा झाला. "शाई नाही? अगं, मग मी लॉरेटाला दाखवू काय?"