पहिली चपराक आपली

आबा जमादारांनी नाशिकच्या द्वारका चौकात कोणाच्या थोबाडीत मारली की दवाखान्यातल्या बाटल्या हलतात, असं माझा कंपाउंडर शपथेवर सांगायचा. बाटल्या हलत नसत. पण ट्रकांच्या भोंग्यांतून आणि गॅरेजांच्या ठोकाठोकीतूनही तो आवाज वेगळा ऐकू यायचा, हे मात्र खरं. तो आला की मी सुई-दोरा उकळायला टाकत असे, कारण पाठोपाठ कोणीतरी फुटकं डोकं घेऊन यायचंच.

सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मी नुकतीच डॉक्टर झाले होते आणि चांगल्या वस्तीत जागा परवडेना म्हणून द्वारकेला दवाखाना थाटला होता. सर्दी-खोकल्याचे पेशंट येतील अशी माझी समजूत. आली ती फुटलेली, फाटलेली माणसं. ट्रकनं कोणाला धक्का दिला की क्लीनर पळून जाई आणि ड्रायव्हर लोकांच्या हाती सापडे. मग ज्याचं काहीच गेलेलं नाही तोही सायकल उभी करून दोन ठोसे मारून जाई. वाहत्या गंगेत हात धुऊन घ्यायला नाशिककरांना कोणी शिकवायला नको. दगड, पट्टे, सायकलची चेन, चाक काढायची लोखंडी टामी, जे हाताला लागेल ते चालायचं.

पहिल्याच महिन्यात मालेगावचा एक ड्रायव्हर आला. ओठ फाटलेला, डावा गाल सुजून पुरीसारखा झालेला. कोणी मारलं म्हणून विचारलं तर ओठाकडे बोट दाखवून म्हणाला, "ये किसका है, पता नहीं." मग गालावर हात ठेवून म्हणाला, "ये जमादारसाब का है. अल्ला उनको सलामत रखे." मार खाल्लेला माणूस मारणाऱ्याला दुवा देतोय, हे काही माझ्या पुस्तकात नव्हतं. त्याला टाके घातले आणि तशीच तरातरा चौकातल्या पोलीस चौकीत गेले.

आबा उंच नव्हते. रुंद होते, आणि पंजा सुपाएवढा. मला पाहून उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "सदर इसमास जमावाच्या ताब्यातून सोडवणेकामी किरकोळ बळाचा वापर करण्यात आला, बाई." किरकोळ म्हणजे किती, त्याच्या कानाचा पडदा गेला असता तर, असं मी बरंच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग टोपी काढली, मला स्टूल पुढे केलं आणि त्यांची बोलीच बदलली.

"बाई, माणसं चिडली का त्यांना बोललेलं ऐकू येत नाय. वाजलेलं तेवढं ऐकू येतं. म्हणून पहिली चपराक आपली पाहिजे. आपण मारली का त्यांना वाटतं, चला, सरकारनं हात उचलला. आपण नाय मारली तर ते मारत्यात, आन् ते थांबत नाय."

मला हे पटलं नाही. तसं मी तोंडावर सांगितलं, आणि पुढे त्यांची माझी ओळख होती तोवर सांगत राहिले.

त्या मारण्याची एक रीत होती. शिव्यांचा भडिमार करत आबा गर्दीत घुसायचे. पंजा जरा खोलगट करून असा मारायचे की आवाज मोठा आणि इजा थोडी. मग कॉलर धरून "चल चौकीत, चामडी लोळवतो तुझी" असं ओरडत त्याला फरफटत न्यायचे. इकडच्या ड्रायव्हरांना आपलं काम ठाऊक असे. चपराक बसली की खाली पडायचं, पाय धरायचे, मोठ्यानं रडायचं. लोकांचं समाधान व्हायचं. चौकीचं दार लागलं की आबा त्याला पाणी द्यायचे आणि मला बोलावणं यायचं. एक मनमाडचा ड्रायव्हर इतका सुंदर रडला होता की आबांनी त्याला आत नेऊन दटावलं, एवढं रडू नकोस, माझी बदली होईल.

माणसागणिक त्यांची भाषा वेगळी. साहेबांचा फोन आला की उभे राहून, गळ्याचं बटण लावून बोलायचे, जणू साहेबांना तारेतून दिसतंय. भाजीवाल्या बायकांपुढे उकिडवे बसून 'मावशे' म्हणून आधी सुनेची चौकशी, मग रस्त्यातली पाटी मागे घ्यायची विनंती. ढाब्यावरच्या सरदारजीशी हिंदीत, तेही आधी त्याच्या म्हशीबद्दल. त्यांची बायको रक्तदाब तपासायला यायची. ती म्हणायची की घरी आले की हूं का चूं करत नाहीत, सगळं बोलणं द्वारकेलाच संपवून येतात.

एकदा बांधावरून भांडणारे दोन सख्खे भाऊ भर बाजारात एकमेकांवर धावून गेले. थोरल्यानं धाकट्याच्या खांद्यावर कोयता घातला. मांस उघडं पडलं, रक्त मेथीच्या जुड्यांवर उडालं. आबा पोचले आणि कानफटात मारली ती रक्तबंबाळ धाकट्याच्या. मी कडाडले. जखमी माणसाला मारता, लाज नाही वाटत? आबांनी नुसतं त्याच्या पायाकडे बोट केलं. तिथे पडलेली कुदळ उचलायला तो वाकलेला होता. दोघांना त्यांच्याच बोलीत, त्यांच्या आईच्या नावानं झापत आबांनी एकाच रिक्षात घातलं. सबंध वाटेत दोघेही एकमेकांकडे न बघता रडत होते.

ही रीत आबांनी इतकी वर्षं चालवली, आणि कधी उलटली नाही, म्हणून ती सगळ्या जगाला ठाऊक आहे असं ते धरून चालले होते.

मग तो मद्रासकडचा ट्रक आला. भर दुपार. झेंडूची पाटी सायकलला बांधून चाललेल्या एका माळ्याला धडक बसली. माळी बेशुद्ध पडला, रस्ताभर झेंडू पसरला. लोकांनी माळ्याला माझ्याकडे आणलं आणि तो मेलाच असं ठरवून परत धावले. तो मेला नव्हता. मांडी मोडली होती आणि नाडी चांगली चालू होती. माणूस जिवंत आहे म्हणून मी कंपाउंडरला सांगायला पाठवलं. बिचारा बेंबीच्या देठापासून ओरडला. कोणी वळूनही बघितलं नाही.

ड्रायव्हर किडकिडीत होता. लुंगी सुटलेली, डोक्यातून रक्त वाहतंय, आणि आपल्या भाषेत एकच काहीतरी पुन्हापुन्हा सांगतोय. मी पायरीवरून बघत होते. आबांची खाकी दिसली तसा तो जीव खाऊन त्यांच्याकडे धावला. हात जोडून पुढे उभा राहिला. तोंडावर सुटका झाल्याचा भाव होता, तो मला अजून दिसतो. आबांनी नेहमीसारखी ठेवून दिली.

त्यानं आबांकडे पाहिलं. शेवटचा माणूसही मारणाऱ्यांतलाच निघाला, एवढंच त्याला कळलं. खाली पडून पाय धरायचे असतात, हे त्याला कोण सांगणार. त्यानं हिसडा मारला, शर्ट फाटला, आणि पुणे रस्त्याच्या दिशेनं तो पळत सुटला. पळणाऱ्यामागे गर्दी कशी धावते ते सांगायला नको. आबा मागून शिव्या देत, काठ्या घालत धावले. ते पोचेपर्यंत टामीचे घाव डोक्यात बसले होते. मी पोचले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. कवटी मऊ लागत होती. त्याच्या डोळ्यांत धूळ गेली होती, ती मी पदरानं पुसली, का ते माहीत नाही.

दोन-तीन दिवसांनी आबा दवाखान्यात येऊन बाकावर बसले. पेशंट संपेपर्यंत बसून राहिले.

"तो माझ्याकडंच आला होता, बाई. समद्यांना कळतं, त्याला का नाय कळलं?"

मी रागावलेली होते, आणि गोड बोलणं मला तेव्हाही जमत नसे. मी म्हटलं, "आबा, तुमची चपराक इथल्यांना कळते. त्याच्या गावात पोलिसानं मारलं म्हणजे मारलं."

ते उठले. मान खाली घालून निघून गेले.

त्यानंतर आबांनी एक वेड घेतलं. पंक्चरच्या दुकानातला मल्याळी, टायरवाला तमिळ, सरदारजीकडे उतरणारे आंध्राकडचे ड्रायव्हर, जो भेटेल त्याला गाठून विचारायचे, तुमच्यात 'पळू नको' कसं म्हणत्यात? आणि ते घोकायचे. तमिळमधलं 'ओडादे' तर चौकीत बसून इतक्या मोठ्यानं घोकत की आतले कैदी घाबरत. टायरवाला एकदा हसून म्हणाला, "साब, इतना गुस्से में नहीं. ऐसा बोलेगा तो जरूर भागेगा." तेव्हापासून आबा ते हळू म्हणायला शिकू लागले. चपराक एका दिवसात शिकलो होतो, हे वर्षभर जमेना, असं तेच मला म्हणाले. लोक हसत. मीही हसले असेन.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. पुन्हा मद्रासकडचाच ट्रक, आणि या वेळी चाकाखाली सहा-सात वर्षांची मुलगी. ती जागच्या जागी गेली. तिचा बाप मारणाऱ्यांत नव्हता, तो तिच्यापाशी बसून होता. मारणारे सगळे दुसरेच. ड्रायव्हरला खाली ओढून तुडवायला सुरुवात झाली होती. आबा आले तशी गर्दीनं वाट करून दिली. हात उचलला जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आबांनी हात उचलला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. वाकून त्याच्या कानाशी म्हणाले, "ओडादे." मग त्याला चाकाशी दाबून स्वतः त्याच्यापुढे बसले.

गर्दी क्षणभर थांबली. चपराक येईना. कोणीतरी ओरडलं, "जमादारानं पैसे खाल्ले." मग पहिला दगड आला.

आबांनी सगळं करून पाहिलं. मावशे म्हटलं, दादा म्हटलं, साहेब म्हटलं, नावं घेतली, आया काढल्या. ज्या माणसाला नाशिकच्या सगळ्या बोल्या येत होत्या त्याला त्या दिवशी एकही उपयोगी पडली नाही. चेनीनं पाठ फोडली. जबड्यावर टामी बसली आणि त्यांचं बोलणं बंद झालं. उजवा पंजा जमिनीवर टेकला होता, त्यावर कोणीतरी मोठा दगड टाकला. मी बॅग घेऊन घुसले तर ढकलून दिलं मला, गुडघे फुटले. ज्यांची बाळंतपणं मी केली त्यांची ती माणसं होती. ठाण्यावरून पोलिसांची गाडी येईपर्यंत आबा ड्रायव्हरवर पालथे पडून होते. तो खालून जिवंत निघाला. कपाळावर थोडे टाके पडले, बाकी काही नाही.

आबांचा जबडा तारांनी बांधावा लागला. तो वाकडाच जुळला. पंजाची मूठ वळेना. नोकरीला अपात्र ठरले आणि घोटीजवळच्या आपल्या गावी निघाले. मी एसटी स्टँडवर पोचवायला गेले. कंडक्टर पुनःपुन्हा विचारत होता, कुठलं तिकीट? आबांचे शब्द तोंडातच गोळा होत. कंडक्टर बहिऱ्याशी बोलावं तसा ओरडायला लागला. शेवटी आबांच्या बायकोनं, वहिनींनीच, घोटी म्हणून सांगितलं. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी भांडते.

खिडकीशी जाऊन म्हटलं, "आयुष्यभर मी तुम्हाला मारू नका म्हणून सांगितलं. आता उलटं सांगते. एक चपराक मारली असतीत तर तो वाचलाच असता, आणि तुम्हीही."

ते काहीतरी बोलले. मला कळलं नाही. काय म्हणून विचारलं. पुन्हा बोलले, पुन्हा कळलं नाही. वहिनी सांगायला पुढे झाल्या, तर त्यांना त्यांनी थोपवलं. डाव्या हातानं जबडा धरला, जागेवर बसवला, आणि एकेक शब्द सोडवून सांगितला.

"पळाला नाय तो, बाई."

गाडी सुटली. मी रिक्षा करून दवाखान्यात परत आले.