श्रावणातलं अळणी

पलूसमध्ये मटण शिजवणारे पुष्कळ आहेत, पण मटणाला शिस्त लावणारा माणूस एकच, आमच्या शेजारचे सुभेदार. फौजेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. ऊस लावला, नातवंडं झाली, तरी परसातल्या चुलीपुढं आले की ते अजून सीमेवरच असतात. रविवारी त्या चुलीच्या आसपास घरातल्या कुणी फिरकायचं नाही. काकूंची त्याला काही हरकत नाही. "आठवड्यातनं येक दिस सुट्टी मिळतीया, मी कशाला तोंड उघडू?" असं त्या म्हणतात.

त्यांची तपासणी खाटकाच्या दुकानापासून सुरू होते. आधी मटण दाबून बघतात, मग खाटकाच्या डोळ्यांत बघतात, आणि त्यानं नजर चुकवली तर सरळ दुसऱ्या दुकानात जातात. घेणार ते खांदा, मान, चाप आणि चोखायला नळी, सगळं हाडासकट. हाडाशिवाय मटण म्हणजे त्यांच्या मते बिगरमिशीचा हवालदार. घरी आल्यावर हळद, मीठ, आलं-लसूण लावून ते झाकून ठेवायचं, थोड्या तेलावर परतायचं, आणि पातेल्यावर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी ओतायचं. वाफेनं ते पाणी तापलं की तेच मटणात घालायचं. गार पाणी घातलं तर मटण रुसतं. एकदा लवकर व्हावं म्हणून त्यांच्या पुण्याच्या जावयानं तांब्याभर गार पाणी ओतलं.  त्या दिवशी जेवताना सुभेदारांनी फक्त जावयाच्या ताटात वांग्याची भाजी वाढली. कुकरचं तर त्यांच्यापुढं नावच काढायचं नाही. "शिट्टी ऐकून काय शिजतंय व्हय रं? भिऊन मऊ पडतंय ते."

असा हा माणूस श्रावण मात्र कडक पाळतो. महिनाभर चूल सारवलेली, पातेलं पालथं. माझी आईही तशीच. आणि गेल्या वर्षी नेमक्या श्रावणातच आईला न्यूमोनिया झाला. सांगलीच्या दवाखान्यातून घरी आणली खरी, पण तिच्या तोंडाची चवच गेली होती. पेज नको, मऊ भात नको, चमचा दिसला की ती भिंतीकडं तोंड करायची. पोटात काही गेलं नाही तर परत भरती करावी लागेल, आणि या वयात ते झेपणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मी घाबरून गेलो होतो.

सुभेदारांना हे कळलं तेव्हा भुरभुर पाऊस चालू होता. रेनकोट चढवून त्यांनी स्कूटर काढली. आमच्याकडची दुकानं बंद, म्हणून पार सांगलीला जाऊन मटण आणलं आणि भर सोमवारी चूल पेटवली. मसाला घालायच्या आधी जो पातळ रस्सा काढतात ते अळणी. आजाऱ्याला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. वास गल्लीभर गेला. समोरच्या आजी दारात येऊन बघायला लागल्या. मी म्हणालो, "आवं काका, लोक काय म्हणतील? आणि आईला तरी चालंल का?"

"लोकांस्नी वास फुकाट हाय. म्हादेवाला मी सांगतो, आमची जुनी वळख हाय."

वाटी घेऊन ते आईच्या खाटेपाशी आले. "वैनी, पाप माझ्याकडं, रस्सा तुमच्याकडं," म्हणाले आणि फुंकर घालून चमचा पुढं केला. आई बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं तोंड उघडलं. एक घोट घेतला, थांबली, दुसरा घेतला. अर्धी वाटी संपल्यावर तिनं वाटीत वाकून बघितलं.

"नुसतं पानीच आनलं व्हय सुभेदार? नळी कुनाला ठिवली?"

आजारी पडल्यापासून तिनं स्वतःच्या तोंडानं मागितलेली ती पहिली गोष्ट. एरवी गुडघे धरून उठणारा तो सत्तरीचा माणूस "आनतो, आनतो" म्हणत पावसातून अनवाणी पळाला.

आई आता बरी आहे, दोन्ही वेळा जेवते. सुभेदारांना मात्र हल्ली चुलीपुढं बसवत नाही. ते खुर्ची टाकून हुकूम सोडतात आणि चुलीपुढं मी बसतो. मागच्या रविवारी धीर करून मी त्यांना म्हणालो, "काका, तुमच्यामुळं आज माझी आई हाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. चुलीकडं बोट करून म्हणाले, "जाळ कमी झालाय. लाकूड फुडं सार."