भांड्याचं स्टील, पात्याचं स्टील

“काय कापशी, ते पहिले सांग माय.”

सुरी मागितली की आबांचा हा प्रश्न ठरलेला. पांडेसऱ्यात आमच्या मिलच्या फाटकाबाहेर ते धार लावायचं चाक घेऊन बसत. माणूस अमळनेरकडचा; सगळी उमर सुरतेत गेली, पण बोलणं अहिराणीच. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, गिऱ्हाईक आलं की आधी त्याचीच परीक्षा घेणारी.

मी मिलच्या ऑफिसात. सुट्टीला लेकीला, रेणूला, घेऊन ग्रुपबरोबर डांगच्या जंगलात मुक्कामाला जायची. बांबू तासायला, सरपण फोडायला सुरी हवी होती. मोबाइलवर एक घडीची, चकचकीत हेरून ठेवलेली. आबांनी फोटो पाहून तोंड वाकडं केलं. बिजागरीची सुरी सफरचंदाला ठीक, म्हणाले. मग पेटीतून जाड पाठीची एक सुरी काढली. पातं मुठीच्या आतून तिच्या पार टोकापर्यंत गेलेलं, आणि स्टील न गंजणारं.

आता माझा शहाणपणा ऐका. भांडी घेताना आमच्याकडच्या बायका पर्समध्ये चुंबक ठेवतात; चिकटलं की स्टील खोटं. मी सुरीला चुंबक लावलं. टपकन चिकटलं! चार लोकांत मी आबांना झापलं, म्हाताऱ्या माणसाने असं फसवावं का म्हणून.

हसता हसता त्यांना ठसका लागला. मग समजावलं, की पातेल्याचं स्टील चुंबकाला चिकटत नाही, पण त्याला धारही टिकत नाही. चांगल्या पात्याचं स्टील चिकटणारच. “धार नंतर बी लावता येस माय, पोलाद नही.” साध्या, गंजणाऱ्या पोलादाची सुरी धारेला आणखी चांगली, पण ती रोज पुसून तेल लावावं लागतं, आणि तेवढी टापटीप माझ्यात त्यांना दिसत नव्हती. खरंच होतं. निमूट घेतली.

त्याच पावसाळ्यात डांगात ओढा ओलांडताना रेणू घसरली. पाठीवरच्या सॅकचा पट्टा पाण्यातल्या मुळांत अडकला. बकल सुटेना, पाणी चढत चढत तिच्या हनुवटीला लागलं. माझी सुरी दोन दिवस ओलीच म्यानात पडलेली, पुसायचा आळस. तरी पात्याला गंज नव्हता; दोन ओढींत दोन्ही जाड पट्टे तुटले.

रेणूला घेऊन पेढे द्यायला गेले. सगळं ऐकून आबा स्वतःच्या बसायच्या पाटावरून उठले, “बठ माय,” म्हणून रेणूला तिथे बसवलं आणि आपण उभे राहिले.

पुढे आबांचे डोळे अधू झाले, मुलाने गावी नेलं. गावाचं नाव विचारायची बुद्धी मला झाली नाही. त्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

परवा रेणू दोन तास उशिरा आली. मी दारातच खरडपट्टी काढली. ती उलट बोलली, मी त्याहून वर बोलले, आणि मधेच तिचा हात घट्ट धरला. भांडायला लेक समोर उभी आहे, ही आबांची कृपा.