उंबरठ्यावरचे घरमालक

आमेरच्या किल्ल्यापासून थेट सांगानेरपर्यंत सबंध जयपूर पालथं घातलं तरी आमच्या घरमालकांइतका दयाळू माणूस सापडायचा नाही, आणि माझा सल्ला विचाराल तर इतक्या दयाळू माणसाच्या घरात कुणी भाड्याने राहू नये. घरमालक कजाग असलेला बरा. तो ओरडतो, आपण ओरडतो, दोघांचीही जेवणं पचतात. पण दयाळू घरमालकाशी भांडायचं कसं, हे रेल्वेच्या एकाही नियमपुस्तकात दिलेलं नाही, आणि मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात असल्यामुळे पुस्तकात नसलेली गोष्ट मला जमत नाही. अकोल्याहून बदली होऊन दुर्गापुऱ्यात आलो, तेव्हा स्टेशनापासून चालत जाता येईल असं वरच्या मजल्यावरचं घर मिळालं. खाली घरमालक एकटेच. निवृत्त भूगोल मास्तर, बायको वारलेली, पांढरी दाढी, आणि मान कायम खाली. गल्ली त्यांना चचा म्हणते, म्हणून आम्हीही चचाच म्हणतो. आधी मला वाटलं, हा गृहस्थ वेडा आहे. मग वाटलं, संत आहे. त्यानंतर आजतागायत मी गोंधळलेलाच आहे.

मान खाली असण्याचं कारण रस्ता. वाटेतली काटा-दगडासारखी टोचणारी वस्तू बाजूला करणं हेसुद्धा दान आहे, अशी त्यांच्या धर्मात शिकवण आहे म्हणे. शिकवण चांगली आहे, माझी तक्रार नाही. पण ती दुर्गापुऱ्याच्या रस्त्यांना लावायची म्हणजे आयुष्य अपुरं पडेल. चचा सकाळी दूध आणायला निघत आणि वाटेतले खिळे, काचा, विटांचे तुकडे उचलत उचलत परत येईपर्यंत पिशवीतल्या दुधाचं दही झालेलं असे. मी तर म्हणतो, एकदा ताकही झालं होतं. कोपऱ्यावरच्या बांधकामाची खडी रस्त्यावर पसरली होती, ती चचा वाकून एकेक करून कडेला टाकत होते. ठेकेदाराला वाटलं आपलाच मजूर. तो खेकसला, "ओ बाबा, हाथ चला! मरे हुए की तरह क्या कर रहा है!" चचा म्हणाले, "जी," आणि हात भराभर चालवू लागले. मी धावत जाऊन ठेकेदाराला झापणार, तर चचांनी मलाच थांबवलं. "बेचारे पर मालिक का दबाव होगा. या रात को सोया नहीं होगा. या हो सकता है, मैं सचमुच धीरे कर रहा था."

हा त्यांचा दुसरा छंद. एखाद्याबद्दल वाईट मत करून घेण्याआधी त्याच्या वतीने आपणच सत्तर सबबी शोधाव्यात, असं त्यांच्याकडच्या थोरांनी सांगून ठेवलंय. शोधणारा भूगोलाचा मास्तर असला की सबबींना समुद्र आणि पर्वत आडवे येत नाहीत. भर मे महिन्यात मशिदीबाहेरून त्यांच्या नव्या चपला गेल्या. चचा तापलेल्या डांबरावरून अनवाणी, उड्या मारत घरी आले आणि ओट्यावर बसून सबबी शोधू लागले. नेणाऱ्याचे पाय भाजत असतील. नेणाऱ्याला कमी दिसत असेल. शेवटी त्यांचा चेहराच उतरला. "कहीं ऐसा तो नहीं कि वो उसी की थीं, और पिछले जुमे को ग़लती से मैं पहन आया था?" संध्याकाळभर ते चोरासारखे बसून होते. मी त्यांची समजूत घालत होतो की चचा, चोरी तुमची झाली आहे. त्यांना पटलं की नाही, मला अजून ठाऊक नाही.

आणि ती शाल! जयपूरचा मे महिना काय असतो हे सांगायचं तर गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया तळलेल्याच खाली येतात. अशा दिवसांत चचा अंगभर शाल लपेटून, भिंतीच्या कडेकडेने, इकडेतिकडे बघत घरात शिरत. माझी बायको म्हणाली, "हिवताप असेल." मी म्हणालो, "तस्करी असेल." निघाले आंबे. फळ घरी आणलं तर शेजाऱ्याला द्यावं, देण्याइतकं नसेल तर झाकून आणावं, शेजारच्या पोरांचा जीव खालीवर होऊ नये, ही शिकवण. पण आंब्याचा वास काही शालीत थांबत नाही. तो आमच्यापर्यंत पोचला असेल या धास्तीने चचा निम्मे आंबे वर घेऊन आले आणि माफी मागू लागले. रश्शात पाणी जास्त घाला आणि शेजाऱ्याची आठवण ठेवा, हीसुद्धा त्यांच्याकडची आज्ञा. आम्ही मांस खात नाही म्हणून चचांनी ती आमच्यासाठी वरणाला लावली. त्यांच्याकडून दर शुक्रवारी येणाऱ्या वरणात डाळ कुठे आहे हे मी आणि बायको वाटी उजेडात धरून बघायचो. पण चव अशी की वाटी चाटूनपुसून परत जायची. पाण्याला चव कशी येते, हाही माझा एक गोंधळच.

तर अशा माणसाच्या घरात माझे सासरे आले. सासरे म्हणजे अकोल्याच्या कापूस बाजारातले जुने दलाल. बोलणं हाच धंदा. ते बाजारात बोलू लागले की कापूस आपोआप पिंजला जायचा, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच. पण त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन करावं लागलं, शुश्रूषेला मुलगी जवळ हवी म्हणून ते जयपुरात झालं, आणि तेव्हापासून बाबा गप्प झाले. डॉक्टरांनी बजावलं, जिना चढायचा नाही, खोली थंड हवी, प्रवासाचं नाव काढायचं नाही, आणि मुख्य म्हणजे मन रमलं पाहिजे.

आमचं घर जिना चढून. आमच्या खिडकीतला कूलर बंद, कारण त्यात होल्याच्या, म्हणजे कबुतरासारख्या एका पाखराच्या, मादीने अंडी घातली होती. मी घरटं उचलून गच्चीवर ठेवायला निघालो होतो, तर चचा आडवे आले. प्रवासात कुणीतरी एका पाखराची पिल्लं उचलली, आई वर फडफडू लागली, तेव्हा पैगंबरांनी विचारलं, हिला कुणी दुखावलं, हिची पिल्लं हिला परत द्या. ही गोष्ट त्यांनी मला अशा आवाजात सांगितली की मी स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला. बाबा येणार हे कळलं तेव्हा मी पुन्हा खाली गेलो. म्हटलं, चचा, आता एकतर होला, नाहीतर सासरे. चचा म्हणाले, "दोनों मेहमान हैं," आणि मी काही बोलायच्या आत स्वतःची वळकटी डोक्यावर घेऊन जिना चढू लागले. खालची जाड भिंतींची खोली, कूलरसकट, बाबांची. वर होल्याच्या खिडकीची खोली चचांची. आम्ही दोघं मधल्या खोलीत, गोंधळलेले.

इथून खरा घोटाळा सुरू झाला. अकोल्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस ऐसपैस बसतो, त्याच आजाराने गेलेल्या ओळखीच्या लोकांची नावं घेतो, चहा पितो, सुपारी कातरतो आणि जेवायची वेळ झाली की उठतो. मग आजाऱ्याला वाटतं, कुणीतरी येऊन गेलं. चचा रोज सकाळी यायचे, उंबरठ्याबाहेर उभे राहायचे, "कैसी तबीयत है? अल्लाह शिफ़ा दे," एवढं म्हणायचे आणि गायब. बाबा तोंड उघडेपर्यंत चपलांचा आवाज जिन्यावर. संध्याकाळी पुन्हा तसंच.

"जावईबापू," बाबा एकदा म्हणाले, "हा मानूस रागावला हाये."

"छे हो. ते कधीच रागवत नाहीत."

"मंग आत काऊन येत नाही? मी त्याची खोली घेतली, ते त्याच्या पोटात दुखते. आपन काय लोकाच्या घरात फुकटचा वारा खाले आलो काय?"

आणि त्यांनी जेवण टाकलं. दोन घास खाऊन ताट सरकवायचे. बायको स्वयंपाकघरात डोळे पुसायची. शेवटी बाबांनी फर्मान काढलं, अकोल्याचं तिकीट काढा, नाहीतर मी जनरलच्या डब्यात बसून जातो. डॉक्टर म्हणाले, या उन्हात, या छातीने हा प्रवास म्हणजे जिवाशी खेळ. बाबा म्हणाले, मेलो तर आपल्या घरी मरीन.

मी वर चचांकडे धावलो. "चचा, आप बाबा से नाराज़ हैं?"

चचांच्या हातातलं पाण्याचं भांडं निसटलं. "नाराज़? मैं? अरे भाई, बीमार के पास कम बैठना चाहिए, हमें यही सिखाया गया है. उसे कराहना हो, करवट लेनी हो, और सामने कोई बैठा हो तो शर्म आती है. हाँ, वो ख़ुद रोकें तो और बात है."

"पर कमरा तो आपका ही है! अंदर जाकर बैठ जाइए ना."

"दे दिया तो उनका हुआ. किसी की जगह पर उसकी इजाज़त के बग़ैर नहीं बैठते."

मी खाली धावलो. "बाबा, तुम्ही नुसतं 'बसा' म्हणा, ते बसतील."

बाबा ताडकन उठून बसले. "ज्याचं घर, त्यालेच मी 'बसा' म्हनू? मले लाज नाही काय? घरमालकानं बसावं का नाही, ते भाडेकरूचा सासरा ठरवन?"

मी पुन्हा वर. चचा म्हणाले, ही त्यांची थोरवी. मी म्हटलं, मी त्यांच्या वतीने परवानगी देतो. चचा म्हणाले, "आप दामाद हैं. दामाद की मुरव्वत में आदमी हाँ कर ही देता है." मी पुन्हा खाली. त्या दिवसांत मी जिन्यावर इतकं शंटिंग केलं की खात्याने मला इंजिनाचा भत्ता द्यायला हवा होता. दोन भले म्हातारे, दोघांच्या मधे लाकडाचा एक उंबरठा, आणि त्यावरून ना हा आत येई ना तो बोलावी. चूक कुणाची म्हणावी? मी विचार करकरून थकलो आणि तिकीट काढून आणलं.

जायच्या दिवशी दुपारीच रिक्षा दाराशी येऊन उभी राहिली. बाबा बूट घालून पलंगाच्या काठावर बसले होते, हात छातीवर. बायको पिशवी भरत होती आणि रिकामी करत होती. तेवढ्यात चचा आले. हातात सुरई. नेहमीसारखे उंबरठ्याबाहेर.

"रास्ते में पानी पीते रहिएगा," ते म्हणाले. आणि वाकून सुरई उंबरठ्याच्या आत ठेवली.

बाबांनी प्रथमच त्यांच्याकडे नीट पाहिलं. चचांचे ओठ फुटले होते, मानेवर घामोळ्यांनी लाल चट्टे उठले होते, डोळे आत गेले होते. वरच्या खोलीने त्यांना भाजून काढलं होतं.

"तुमच्या तोंडाले काय झालं हो?"

"कुछ नहीं. गरमी है ज़रा."

"वर कूलर नाही?"

चचा खोटं बोलत नाहीत. "है. उसमें फ़ाख़्ता बैठी है."

"कोन बसली हाये?"

"चिड़िया. अंडे दिए थे. अब बच्चे निकल आए हैं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ही हकीकत मी त्यांना सांगितलीच नव्हती, कारण आपण एका पाखरामुळे खाली आलो हे कळलं तर ते आणखी बिथरतील, असा माझा हिशोब. पण बाबा बिथरले नाहीत. चाळीसेक वर्षांच्या दलालीत त्यांनी पुष्कळ कारणं ऐकली असतील, हे नव्हतं ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावर ऑपरेशनपासून हरवलेलं काहीतरी परत आलं. अर्धवट गोष्ट सोडून उठणं त्यांच्या रक्तातच नाही.

"थांबा, थांबा. चिडिया कूलरमंधी, अन् तुम्ही भट्टीमंधी? असं उभ्या उभ्या काय सांगता? या, इकडे या. बैठो. बैठो ना हो! अन् मले पहिल्यापासून सांगा."

चचांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोराला आत बोलावल्यावर तो जसा बघतो ना, तसं. मग चपला काढल्या, उंबरठा ओलांडला आणि स्वतःच्याच पलंगाच्या अगदी कडेला पाहुण्यासारखे बसले. गोष्ट सुरू झाली. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला, शेवटी तणतणत आत आला, तर बाबांनी त्यालाही बसवलं. गाडी दुर्गापुऱ्यावरून गेली, तिची शिटी आम्ही सगळ्यांनी ऐकली. कुणी उठलं नाही. एक हिंदीत बोलत होता, एक वऱ्हाडीत, आणि दोघंही एकमेकांना समजलं असं समजत होते. अंधार पडता पडता बाबांनी विचारलं, "आज जेवाले काय हाये?" बायकोने स्वयंपाकघरात जाऊन मोठ्याने नाक ओढलं.

त्यानंतर बाबा दिवाळीपर्यंत राहिले, भरपूर बोलले आणि खणखणीत होऊन अकोल्याला परतले.

परवा, जानेवारीत, चचांना ताप आला. ऑफिसला जाताना त्यांच्या खोलीत डोकावलो. डोळे मिटून पडले होते. मी विचारलं, "चचा, कैसे हैं?" ते म्हणाले, "अल्लाह का शुक्र है." मी वळलो. त्यांनी थांबवलं नाही. थांबवलं नाही म्हणजे मी जावं, असाच त्यांचा नियम. दारापर्यंत गेलो आणि गोंधळलो. हा माणूस 'बसा' म्हणत नाही ते त्याला एकटं राहायचंय म्हणून, की मला ऑफिसला उशीर होईल म्हणून? माझ्या वतीने सबबी त्याने आधीच शोधून ठेवल्या असतील. याला कुणी 'बसू का?' म्हणून विचारलंय का कधी? काही उलगडेना. बाहेर धुकं होतं, गाड्या उशिरानेच धावणार, माझ्यावाचून त्यांचं थोडा वेळ चालणार होतंच.

मी परत आलो, स्टूल ओढलं आणि परवानगी न घेता बसलो.

बऱ्याच वेळाने त्यांनी एक डोळा उघडला. "आज काम नहीं है?"

"है," मी म्हणालो.

त्यांनी डोळा मिटला, आणि रजईतून हात बाहेर काढून स्टुलाच्या बाजूला ठेवला.