सुमनवहिनीचा दुसरा धंदा

सुमनवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावला होते. "आत्या, आई गेली," एवढंच भाचा बोलला. त्या फोनला आता पाच आठवडे झाले. दहाव्याला सुरतेत डिंडोलीच्या घरी जमलेल्या बायका तिला 'मशीनवाली सुमनबेन' म्हणत होत्या. ती मशीनवाली कशी झाली, हे जवळून पाहिलेली आता मीच उरले आहे.

नव्वदच्या दशकात मी तिथल्या मराठी शाळेत शिकवत होते आणि भावाकडेच राहत होते. भाऊ लूमवर कामाला, वहिनी घरी ब्लाउज शिवायची. दिवसभर वाकून तिची मान आखडली, बोटांना मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टरांनी सांगितलं, हे काम सोडा. वहिनी रडेल असं मला वाटलं होतं. घरी येताना ती म्हणाली, "शिवायचं सोडू. मशीन कशाला सोडायचं?"

आमच्याकडे मशीन दुरुस्तीला रमणकाका यायचे, चार निरोपांनंतर. म्हातारे, एकटे, कामाने बेजार. वहिनीने त्यांना सरळच विचारलं, मला शिकवाल का? ते हसले. "बेन, हाथ काळा थशे."

"चुलीपुढे रोजच होतात, काका."

भाऊ मात्र चिडला. घरात आमची अहिराणी. "हाई बायास्नं काम शे का?" तो म्हणाला. वहिनीने ताटात भाकरी वाढत विचारलं, "मशीन त बायाच चालाडतस ना?" त्यावर त्याने ताट पुढे ओढलं आणि भाकरी मोडली.

तिने शिवण एकदम बंद केलं नाही. सकाळी दोनच ब्लाउज, दुपारी काकांबरोबर दुरुस्तीला. घरचं मशीन ती खोलायची, वहीत प्रत्येक भागाचं चित्र काढायची, नावं मी लिहून द्यायचे. एकदा जोडल्यावर एक स्क्रू उरला. ती हसली आणि पुन्हा सगळं खोललं. असं वर्षभर चाललं.

मग काका आजारी पडले आणि चणिये, म्हणजे गरब्याचे घागरे, शिवणाऱ्या एका कारखान्यातून त्यांना बोलावणं आलं. त्यांच्या जागी वहिनी गेली. नवरात्र तोंडावर, आणि मुख्य मशीन टाका सोडत होतं. दुरुस्तीवाला पुरुष कुठे दिसतो का म्हणून मालकाने वहिनीच्या मागे पाहिलं. "भाई क्यां छे?"

"भाई घेर छे. मशीन क्यां छे?"

त्यांनी तीनदा सुई बदलली होती. वहिनीने सुईला हातच लावला नाही. खालचं शटल, म्हणजे बॉबिनभोवती फिरून खालचा दोरा ओवणारा भाग, काढलं, डोळे मिटून त्याच्या टोकावरून नख फिरवलं. टोक खरखरीत झालं होतं. तिने पिशवीतून नवं शटल काढून बसवलं आणि बाजूला झाली. कारागीर बाईने चाक फिरवलं... टाका सुटला नाही. मालकाने तिथल्या तिथे उरलेली पाच मशीनंही दाखवली. त्या दिवसापासून वहिनीने ब्लाउज घेणं बंद केलं. पुढे सुरतेबाहेर कडोदऱ्यापर्यंत तिला बोलावणी येत, आणि सायकलवरून तिची पिशवी घेऊन सोडायला जायचा तो माझा भाऊच!

दुरुस्ती झाली की ती चिंधीवर एक सरळ शिलाई घालायची आणि चिंधी तशीच सुईखाली ठेवून निघायची. दहाव्याहून परतल्यावर मी माझं मशीन उघडलं. गेल्या दिवाळीत तिनेच ते तेलपाणी करून दिलं होतं, त्यानंतर मी ते उघडलंच नव्हतं. सुईखाली निळी चिंधी होती, टाके एकसारखे. ती काढायला माझा हात धजेना. मग त्या चिंधीच्या पाठोपाठच उशीचा अभ्रा सरकवला आणि शिवायला लागले.