आत्याची हरकत

माझी आत्या औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना झाकणं बसवते. लहानपणी आलेल्या तापात तिचे कान गेले. तेव्हापासून ती हातांनी बोलते, आणि काय बोलते! भांडायला लागली की समोरच्याने जरा मागेच सरकावं. कारखान्यात तिला 'तोफ' म्हणतात. तिला ते ठाऊक आहे, आणि आवडतंही.

मी तिच्याच अंगाखांद्यावर वाढले, त्यामुळे बोबडं बोलायच्या आधीच खुणा शिकले. समाजवादी पक्षाच्या मोर्चात तिची दुभाषी मीच. त्या दिवशी रस्ता लाल झेंड्यांनी नुसता फुलला होता. आत्या तर उड्याच मारत होती. पुढे पक्षाचे सेक्रेटरी ओरडले, "बहिरं सरकार, हाय हाय!"

माझे हात थबकले. आत्याने कोपर मारलं, "काय म्हणाले?"

मी खुणेनं सांगितलं. आत्या भर रस्त्यात उभी राहिली. मागची रांग तिच्यावर आदळली, एकाचा झेंडा दुसऱ्याच्या डोक्यात. सेक्रेटरी धावत आले.

"अहो ताई, ती नुसती म्हणायची पद्धत. तुम्हाला थोडंच म्हणतोय!"

आत्याचे हात सुटले आणि मी बोलत गेले : "मी बहिरी आहे, त्यात लाज कसली? शिवी केलीत ती तुम्ही. सरकारला ऐकू येत नाही का? चांगलं येतं! ते ऐकत नाही."

सेक्रेटरी घाम पुसत म्हणाले, "बरं, मग 'कर्णबधिर सरकार' म्हणू का?"

मी ते खुणांनी सांगितलं. आत्या पोट धरून हसली. मग आजूबाजूचे हसले, शेवटी सेक्रेटरीही. पण हसण्यावारी नेऊ देईल तर ती तोफ कसली! पक्षाच्या वार्षिक सभेत तिने ठराव मांडला : माणसाचं अपंगत्व शिवीसारखं वापरायचं नाही, आणि प्रत्येक सभेला दुभाषी हवा.

आत्याच्याच कारखान्यातले, पॅकिंगमधले मुकादम उठले. "इथे पगाराचे वांधे, आणि आपण शब्दांचा कीस पाडायचा?"

"मी इतकी वर्षं झेंडा धरला," आत्या म्हणाली. "एकदा तरी मीटिंगला बोलावलंत? 'बहिरीला काय कळणार' असंच म्हणत होतात ना? शब्द तोच आहे, मुकादम."

मुकादम खाली बसले. मतदानाची वेळ आली तेव्हा त्यांचाही हात वर होता, जरा अर्धवट, पण वर. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी आत्याला ढोसलं, "बघ, बघ!" खुणांच्या भाषेत टाळ्यांऐवजी हात वर करून हलवायचे असतात, हे मी ओरडून सांगितलं, आणि काय सांगू, अख्खं सभागृह हातांनी थरथरायला लागलं! आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तर चक्क रडले.

तिला तिथेच कमिटीवर घेतलं. आता कमिटीत एका वेळी एकानेच बोलायचं, नाहीतर माझे हात पुरत नाहीत. सेक्रेटरींना ते फार जड जातं.

पुढच्या मोर्चात घोषणा आत्यानेच दिली. ट्रकवर उभी राहून ती हात नाचवत होती आणि मी कर्ण्यातून ओरडत होते, "ऐकू येतं, ऐकत नाही! असलं सरकार टिकत नाही!" हजारो गळे उसळले. आत्या इतकी रंगली की मला तिचा वेगच झेपेना. शेवटी मी कर्ण्यातच किंचाळले, "अगं आत्या, थांब की जरा!"

लोकांना वाटलं तीही घोषणाच. सगळे ओरडले, "थांब की जरा!"